एस. एम. जोशी

आमच्या चाकणहून नाशिकच्या हमरस्त्याने निघाले म्हणजे नारायणगावापाशी जुन्नरची वाट फुटते. त्या जुन्नरास १२ नोव्हेंबर १९०४ रोजी श्रीधर महादेव जोशी ह्यांचा जन्म झाला. १९२९ साली पुण्यातील पर्वतीचे देऊळ अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, त्यात हा ब्राह्मण तरुण होता.

नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन प्रभृतींच्या चर्चेतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना निघाली; १९३४ साली पक्ष स्थापन झाला, व त्याच्या संस्थापकांत जोशी होते. बेचाळीसच्या चळवळीत ते दाढी राखून, मुसलमानाच्या वेषात, भूमिगत राहिले.

पक्ष लहानच राहिला. १९४८ साली तो काँग्रेसबाहेर पडला, १९५२ साली प्रजा समाजवादी झाला, पुढे फुटला, जुळला, पुन्हा फुटला आणि १९७७ साली जनता पक्षात विलीन झाला. ही वंशावळ मुलांकडून पाठ करून घेणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. पक्षापेक्षा माणसाचे वजन अधिक होते. म्हणूनच १९५६ साली स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत भिन्न मतांचे पक्ष त्यांच्या चिटणीसपदाखाली एकत्र नांदले, व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

तोच महाराष्ट्र त्यांच्यावर उलटलाही. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव १९७८ साली विधिमंडळाने केला. विरोधाचा भडका उडाला, दलितांची घरे जळाली. लोकांस समजाविण्यास गेलेल्या ह्या वृद्धाच्या गळ्यात औरंगाबादेस चपलांची माळ पडली. त्यांनी मत बदलले नाही. १ एप्रिल १९८९ रोजी ते निवर्तले. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला.