विश्लेषण : दोन ऑस्कर जिंकणाऱ्या फ्रान्सिस मॅरियन हॉलिवूडपासून दूर का गेल्या?

पटकथालेखनासाठी ऑस्कर मिळवणारी पहिली महिला आणि लेखनाची दोन ऑस्कर जिंकणारी पहिली व्यक्ती, हे दोन्ही विक्रम फ्रान्सिस मॅरियन यांच्या नावावर आहेत. एकेकाळी हॉलिवूडमधील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या लेखकांत त्यांची गणना होई. तरीही हे नाव फारसे कुणाला आठवत नाही.

सुरुवात कशी झाली?

१८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या मॅरियन आधी चित्रकार होत्या, पोस्टर रंगवायच्या. १९१४ च्या सुमारास दिग्दर्शिका लोइस वेबर यांनी त्यांना मदतनीस म्हणून घेतले. तेव्हा चित्रपट हा नवा, बेभरवशाचा धंदा होता. प्रतिष्ठा कमी असल्याने महिलांना दार उघडे होते आणि पटकथा लिहिणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी होती.

पहिले मोठे यश कोणते?

१९१७ चा ‘द पुअर लिटल रिच गर्ल’. त्यात चोविशीतल्या मेरी पिकफर्ड यांनी अकरा वर्षांच्या मुलीची भूमिका केली. मॅरियन आणि पिकफर्ड यांनी घातलेले विनोदी प्रसंग दिग्दर्शकाला रुचले नव्हते, स्टुडिओलाही चित्रपट पडेल असे वाटत होते. प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला. त्यानंतर ही जोडी जमली.

बोलपट आल्यावर काय झाले?

मूकपटातले अनेक जण मागे पडले, मॅरियन टिकल्या. ग्रेटा गार्बो यांचा पहिला बोलपट ‘अ‍ॅना ख्रिस्ती’ (१९३०) त्यांनीच लिहिला. ‘द बिग हाऊस’साठी त्या सॅन क्वेंटिन तुरुंगात जाऊन आल्या. या चित्रपटाने पहिले, तर ‘द चॅम्प’ने दुसरे ऑस्कर मिळवून दिले. काम मिळेनासे झालेल्या मारी ड्रेसलर यांच्यासाठी त्यांनी भूमिका लिहिल्या. त्यातल्या ‘मिन अँड बिल’मुळे ड्रेसलर यांनाही ऑस्कर मिळाले.

मग माघार का?

स्टुडिओ मोठे झाले, तसा लेखकाचा अधिकार आटला. एकाच पटकथेवर अनेकांचे हात फिरू लागले. श्रेय कुणाचे, हे स्टुडिओ ठरवू लागला. याच प्रश्नावर १९३३ मध्ये पटकथालेखकांची संघटना उभी राहिली, तेव्हा मॅरियन तिच्या उपाध्यक्ष झाल्या. त्यांना मोकळीक देणारे ‘एमजीएम’चे निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्ग १९३६ मध्ये गेले आणि तिथला त्यांचा आधारही गेला. १९४६ मध्ये त्यांनी एमजीएम सोडले आणि पुढे त्या चित्रकला व शिल्पकलेत रमल्या. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

यातून काय दिसते?

मॅरियन यांची लेखणी थकली नव्हती. चित्रपटाच्या धंद्यात पैसा आला, तशी निर्णयाची खुर्ची लेखकाकडून, आणि त्यातही महिलांकडून, सरकत गेली. पटकथा कुणाच्या नावावर जाते, हा मॅरियन यांच्या काळातला वाद हॉलिवूडमध्ये आजही मिटलेला नाही.