रॉबर्ट ओवेन

रॉबर्ट ओवेन (१४ मे १७७१ – १७ नोव्हेंबर १८५८) हे वेल्समध्ये जन्मलेले गिरणीमालक, समाजसुधारक आणि सहकारी चळवळीचे एक आद्य प्रवर्तक होते. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात त्यांचा उल्लेख कर्मचारी व्यवस्थापनाचे जनक म्हणून केला जातो. हा मान त्यांना प्रामुख्याने स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीत त्यांनी केलेल्या प्रयोगांमुळे मिळाला.

पूर्वायुष्य

ओवेन यांचा जन्म न्यूटाउन या लहानशा गावी झाला. वडील खोगीर बनवण्याचा आणि लोखंडी सामानाचा व्यवसाय करीत. औपचारिक शिक्षण अल्पावधीतच संपले आणि दहाव्या वर्षी ओवेन यांनी घर सोडले. स्टॅमफर्ड येथील एका कापड दुकानात उमेदवारी करीत असताना तेथील ग्रंथसंग्रहातून त्यांनी वाचनाची भूक भागवली. पुढे मँचेस्टर येथे, विशीच्या आरंभीच, पीटर ड्रिंकवॉटर यांच्या सुमारे ५०० कामगारांच्या गिरणीचे व्यवस्थापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १७९९ साली त्यांनी ग्लासगोचे उद्योजक डेव्हिड डेल यांची कन्या कॅरोलिन हिच्याशी विवाह केला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या भागीदारांसह डेल यांच्या न्यू लॅनार्क येथील गिरण्या ६०,००० पौंडांना विकत घेतल्या.

न्यू लॅनार्क

१८०० च्या जानेवारीत ओवेन यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा क्लाइड नदीकाठच्या या वसाहतीत सुमारे २,००० लोक राहत होते. त्यांपैकी ५०० च्या आसपास मुले अनाथालयांतून व गरीबगृहांतून कामासाठी आणलेली होती. चोरी, मद्यपान व गैरहजेरी यांचे प्रमाण मोठे होते. माणूस आपला स्वभाव स्वतः घडवीत नाही, परिस्थिती तो घडवते, अशी ओवेन यांची धारणा असल्याने त्यांनी दंड व मारहाण यांऐवजी परिस्थिती बदलण्याचा मार्ग पत्करला. कामगारांना मात्र हा परका, वेगळ्या बोलीचा मालक संशयास्पद वाटत होता. अमेरिकेने निर्यातबंदी लादल्यामुळे कापूस मिळेनासा झाला, तेव्हा हा संशय मावळला. गिरणी चार महिने बंद राहिली. या काळात यंत्रे स्वच्छ ठेवण्यापलीकडे काम नसतानाही ओवेन यांनी सर्वांना पूर्ण वेतन दिले. त्यासाठी ७,००० पौंडांहून अधिक खर्च आला.

त्यांची सर्वांत चर्चित योजना म्हणजे ‘मूक निरीक्षक’. प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ लाकडाचा एक लहान चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना काळा, निळा, पिवळा व पांढरा असे रंग दिलेले असत. आदल्या दिवशीच्या वर्तनानुसार वाईट, साधारण, चांगले व उत्कृष्ट यांपैकी योग्य ती बाजू दर्शनी ठेवली जाई आणि तिची नोंद वहीत होई. पर्यवेक्षकाने दिलेला शेरा अन्यायाचा वाटल्यास थेट ओवेन यांच्याकडे दाद मागता येत असे. आजच्या कार्यमूल्यमापनाचे व तक्रार निवारणाचे हे प्राथमिक रूपच होय.

दहा वर्षांखालील मुलांना त्यांनी कामावर घेणे बंद केले. गावातील दुकानात चांगला माल रास्त दराने मिळू लागला आणि त्याच्या नफ्यातून शाळेचा खर्च भागू लागला. वेतनाचा साठावा भाग कापून आजारपणासाठी निधी उभारण्यात आला. १८१६ साली उघडलेल्या शिक्षणसंस्थेत अगदी लहान मुलांसाठीही वर्ग होता. तेथे पुस्तकांपेक्षा गाणे, नृत्य व निसर्गनिरीक्षण यांवर भर असे. त्याच वर्षी जेवणाची सुट्टी वगळता कामाचे तास पावणेअकरा करण्यात आले. इतके करूनही गिरणी नफ्यात होती, ही बाब समकालीन कारखानदारांना अधिक खटकली असावी.

भागीदारांशी मतभेद

या खर्चास भागीदारांचा विरोध होता. १८१३ साली गिरण्यांचा लिलाव झाला. जेरेमी बेंथम व क्वेकर पंथीय विल्यम ॲलन आदी नव्या भागीदारांच्या साहाय्याने ओवेन यांनी त्या १,१४,१०० पौंडांना परत मिळवल्या. पाच टक्क्यांहून अधिक नफा कामगारांच्या हितासाठी वापरावा, असे ठरले. ओवेन परतले तेव्हा कामगारांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढत नेली. पुढे मात्र धर्मशिक्षण आणि मुलांचे नृत्य यांवरून ॲलन यांच्याशी वाद वाढत गेला.

टीका

कामगारांचे कल्याण काय, हे ठरवण्याचा अधिकार ओवेन यांनी स्वतःकडेच ठेवला होता. १८१९ साली न्यू लॅनार्कला भेट देणारे कवी रॉबर्ट साउदी यांना त्या वसाहतीत आणि गुलामांच्या मळ्यांत साम्य दिसले. ही तुलना कठोर आहे, तथापि पूर्णतः निराधार नाही. घरांची स्वच्छताही तपासली जात असे आणि निधीसाठीची वेतनकपात ऐच्छिक नव्हती.

कायदा व उत्तरायुष्य

बालकामगारांच्या संरक्षणासाठी १८१५ पासून त्यांनी संसदेकडे आग्रह धरला. १८१९ चा कायदा मात्र केवळ सूतगिरण्यांपुरता राहिला. त्यात नऊ वर्षांवरील मुलांना बारा तास कामाची मुभा होती आणि तपासणीची परिणामकारक तरतूद नव्हती. ओवेन यांनी या कायद्याबद्दल तीव्र निराशा व्यक्त केली.

अमेरिकेत इंडियाना राज्यात १८२५ साली वसवलेली न्यू हार्मनी ही सामुदायिक वसाहत दोनच वर्षांत मोडली आणि त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग तीत गेला. १८३४ साली स्थापन झालेला मोठा कामगार महासंघही अल्पजीवी ठरला. १८४४ साली सहकारी दुकान काढणाऱ्या रॉचडेलच्या विणकरांवर त्यांच्या विचारांचा प्रभाव होता. १८५७ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी न्यूटाउन येथेच त्यांचे निधन झाले.

न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ साली बंद पडल्या. २००१ साली युनेस्कोने या गावाचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.