डॉ. फिलिप हेंच : प्रामाणिक नोंदींचे आयुष्य

संधिवाताने जखडलेल्या माणसाला पाण्याचा पेला उचलणेही अवघड होते. अशा रुग्णांसाठी आयुष्य वेचणारे डॉ. फिलिप हेंच १८९६ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जन्मले.

१९२९ साली मेयो क्लिनिकमधील त्यांच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याची सांधेदुखी ओसरली. हेंच यांनी हा योगायोग म्हणून सोडून दिला नाही. पुढे गर्भारपणातही अनेक स्त्रियांचे दुखणे कमी होते, हे त्यांनी टिपले. शरीरच एखादे शामक द्रव्य निर्माण करीत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. मात्र निरीक्षण निरीक्षण म्हणून आणि तर्क तर्क म्हणूनच त्यांनी प्रसिद्ध केला.

सप्टेंबर १९४८ मध्ये सहकारी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांच्या संशोधनातून आलेले द्रव्य, म्हणजेच कॉर्टिझोन, एका तरुणीला टोचण्यात आले. काही दिवसांतच ती सहज चालू लागली. १९४९ च्या पहिल्या अहवालात अवघ्या १४ रुग्णांची हकिकत होती. औषध थांबताच दुखणे परतते, हेही हेंच यांनी जगापुढे ठेवले. १९५० साली केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरही औषधाचे दुष्परिणाम त्यांनी झाकले नाहीत. १९६५ साली त्यांचे निधन झाले.

यशाच्या ऐन भरात आपल्या शोधाची मर्यादा स्वतःच्या हाताने लिहिणे, यालाच आम्ही खरी विद्या मानतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या वहीतही अशाच नोंदी असाव्यात.