सिराज औरंगाबादी: मागे वळून सांगितलेलं प्रेम

शायर सय्यद सिराजुद्दीन 'सिराज' आपल्याच औरंगाबादचे. कोवळ्या वयात त्यांच्यावर इश्काचा असा असर झाला की अंगावरच्या कपड्यांचंही भान राहिलं नाही. सुमारे सात वर्षं ते खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती फिरत राहिले. त्या बेहोशीत तोंडून फारसी शेर निघत, पण ते लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

पुढे ते सावरले, शाह अब्दुर्रहमान चिश्ती यांचे मुरीद झाले. मग हिजरी ११६० मध्ये, म्हणजे १७४७ साली, 'बोस्तान-ए-खयाल' या मसनवीत त्यांनी आपल्या प्रेमाची कहाणी मागे वळून सांगितली. अबजदच्या हिशेबाने या नावातल्या उर्दू अक्षरांची बेरीजही ११६० येते. घरी मुलांकडून करून घ्या!

नशिबाची गंमत पाहा. आगीत असतानाचे शब्द हरवले आणि आग विझल्यावर सांगितलेले उरले. १७६४ मध्ये सिराज गेले. मराठी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना उर्दू वाचता येत नसेल, तर ही कहाणी आपण त्यांना तोंडी सांगू या. नाहीतर लिहिलेलंही त्यांच्यासाठी हरवल्यासारखंच.