गोंदियावरून जाणाऱ्या ट्रेनमध्ये मिळालेलं पुस्तक आणि रेव्हरंड टिळकांनी सोडलेला पगार

चिचगडहून देवरीमार्गे आमगाव गाठलं की मुंबई-हावडा रेल्वेलाईन लागते. पूर्वेकडे जाणारी गाडी पुढे डोंगरगड, राजनांदगावला पोहोचते. १८९३ मध्ये याच मार्गावर, नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या एका मराठी कवीला डब्यातल्या गोऱ्या सहप्रवाशाने बायबलचा नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. कवीला ते हास्यास्पद वाटलं. पुस्तक वाचेन, एवढा शब्द मात्र त्यांनी दिला.

हे कवी म्हणजे नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा दांडगा अभ्यास. नवा करार वाचायला घेतला तो दिलेल्या शब्दाखातर, पण येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. नियम पाळण्यापेक्षा शत्रूवरही प्रेम करायला सांगणारा हा गुरू त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

किंमत मोठी होती. नातेवाईक तुटले, पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच. एरवी टिळक शीघ्रकोपी, हट्टी, घरखर्चाच्या बाबतीत तर बेफिकीरच. तरी या एका गोष्टीत त्यांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचं वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक चालू राहिला. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांचं त्यांनाच पटलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना टिळकांनी चर्चला अभंग आणि कीर्तन दिलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेतल्या माणसाला देव मालक आणि आपण नोकर, हे नातं जमणारं नव्हतंच. पण मिशनचा पगार म्हटल्यावर नेमकं तेच दिसायचं. भारतीय ख्रिस्ती लोक पैशासाठी सेवा करतात, हा टोमणा तेव्हा सर्रास होता.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात संन्यस्त वृत्तीने राहू लागले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. येशूवर प्रेम असलेल्या कुणालाही त्यात येता येत होतं, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. चर्चमधल्या अनेकांना हे फारसं रुचलं नाही.

दरबाराला वेळ मात्र फार कमी मिळाला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं. त्याचा बहुतांश भाग पुढे लिहिला लक्ष्मीबाईंनी.