दोन बोटांचा गिटारवादक

आपल्या कितीतरी घरांत मुलांसाठी हौसेने गिटार येते. पहिले आठ दिवस उत्साहाचे असतात. मग बोटांची टोके दुखू लागतात, ‘सी’ कॉर्डवरून ‘जी’ कॉर्डवर जाताना हात अडखळतो आणि गिटार कपाटावर जाऊन बसते. अशा वेळी आम्हांला जँगो राइनहार्टची आठवण होते.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबेर्शी या गावी भटक्या रोमा समाजात झाला. त्याचे बालपण पॅरिसच्या वेशीवरील तळावर गेले. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाहीच. बाराव्या वर्षाच्या सुमारास बँजो-गिटार हाती आली आणि कोवळ्या वयातच तो वाजवून पैसे मिळवू लागला.

२ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री त्याच्या घरगाडीला आग लागली. आत सेल्युलॉइडची कृत्रिम फुले होती; त्यांनी क्षणात पेट घेतला. अठरा वर्षांचा जँगो गंभीर भाजला. पाय कापावा लागेल, असे डॉक्टरांचे मत पडले. त्याने नकार दिला. पाय वाचला, पण डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. तारा दाबण्याचे काम याच हाताचे!

भाऊ जोसेफने त्याला नवी गिटार आणून दिली. सुमारे दीड वर्षाच्या आजारपणात जँगो पुन्हा पहिल्यापासून शिकला. नेहमीच्या ‘सी’ मेजरला तीन बोटे लागतात, त्यांत अनामिकाही येते. ती आता मोकळेपणी हलत नव्हती. म्हणून त्याने कॉर्ड धरण्याची स्वतःची रीत बसवली. सुरावट तर्जनी व मधल्या बोटाने वाजवायची आणि कॉर्ड धरताना आखडलेली बोटे वरच्या सुरांच्या तारांवर टेकवायची. जुना हात परत आला नाही. उरलेल्या हाताने त्याने नवे वादन घडवले.

१९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह त्याने पॅरिसमध्ये तारवाद्यांचा पंचक उभा केला. १९४६ मध्ये तो अमेरिकेत ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर वाजवून आला. १६ मे १९५३ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो वारला.

मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग आणि प हे तीन सूर एकत्र. नवशिक्यांनी एका बोटाने सुरुवात करावी. सर्वांत बारीक तार पहिली. दुसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबून बारीक तीन तारा छेडल्या की ‘सी’ मेजर. पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून बारीक चार तारा छेडल्या की ‘जी’ मेजर. रोज दहा मिनिटे सावकाश बदल करावा. बोटे दुखतील, थोड्या आठवड्यांत टोके घट्ट होतात.

तेव्हा मुलांनो, कपाटावरची गिटार खाली काढा. आपला गायकवृंद वाट पाहत आहे.