पंगतीतील परका : रेव्हरंड टिळकांचे स्मरण

नाताळच्या मंगल पर्वावर ख्रिस्ती घरे दिव्यांनी उजळली असता एका मराठी भगवद्भक्ताचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नाही. ‘वनवासी फूल’ लिहिणारे हे फुलामुलांचे कवी मराठी घराघरांत पोचले आहेत. परंतु ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी आपल्या नव्या धर्मबांधवांपुढे जो प्रश्न ठेवला, तो तितकासा परिचित नाही. आणि त्याचे मूळ थेट पहिल्या शतकातील ख्रिस्तमंडळीत आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. 1891 मध्ये ते नागपुरास आले. येथील अप्पासाहेब बुटी यांचा संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह होता. त्यांच्या आश्रयाने टिळकांनी भाषांतराचे कार्य केले. जातिभेद नाहीसा करून देशबांधवांस एकत्र आणील असा धर्म कोणता, हा ध्यास त्यांना लागला होता. 1893 मध्ये राजनांदगावास जात असता रेल्वेच्या डब्यात एका परदेशी मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल दिले. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचे मोल त्यांच्या घरालाही द्यावे लागले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्यांचे ते दुःख ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाच्या काळजाला भिडते. त्या परतल्या, तेव्हाही आपले सोवळेओवळे सांभाळूनच राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. माणसामाणसांतील भेद ईश्वराने केलेला नव्हे, हे लक्ष्मीबाईंस स्वतःच्या विचाराने पटले आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

आता त्या प्राचीन मंडळीकडे वळू. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. त्यांच्यापाशी भव्य मंदिरे नव्हती, राजाश्रयही नव्हता. ते घराघरांत जमत, प्रार्थना करीत, एकत्र बसून भाकरी मोडीत. ज्याच्यापाशी अधिक असे, तो आपली मालमत्ता विकून गरजूंस देई. पुढे यहुदी नसलेले लोक त्यांच्यात येऊ लागले आणि मोठा वाद माजला. परक्याने ख्रिस्तास भजण्यापूर्वी सुंता करून यहुदी व्हावे की नाही? इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेम येथे सभा भरली आणि तसे होण्याची आवश्यकता नाही, असे ठरले. तथापि निर्णय झाला म्हणून मन बदलतेच असे नाही. अंत्युखिया नगरीत पेत्रासारखा थोर शिष्य लोकलज्जेस्तव परक्यांच्या पंगतीतून दूर झाला, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला.

अठरा शतकांनी टिळकांनी तोच प्रश्न फिरवून विचारला. परक्याने यहुदी होण्याचे कारण नव्हते, तर मराठी माणसाने साहेब होण्याचे कारण काय? अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते कार्य करीत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी मंडळी त्या काळी बहुतांशी पाश्चात्त्य चालींवर गात असे. टिळकांनी तिला अभंग, भजन आणि कीर्तन दिले. तुकोबांच्या भक्तिमार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून वारकऱ्यांचे वाङ्मय त्यांनी कधी दूर सारले नाही. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य अपूर्ण राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

परंतु केवळ चाल बदलून टिळकांचे समाधान झाले नाही. परदेशी द्रव्यावर चालणारी मंडळी स्वतःच्या पायांवर कशी उभी राहणार, ही चिंता त्यांना जाळीत होती. अखेर 1917 मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे उभय भक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, असा त्यांचा संकल्प होता. पगार सोडणे म्हणजे साठीकडे झुकलेल्या गृहस्थाने घरादाराचा आधार सोडणे होय. त्या संकल्पास आकार देण्यास त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभली. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आजच्या ख्रिस्ती बांधवांस या चरित्रातून काय घेता येईल? आम्हांस असे दिसते की, आद्य मंडळीचे बळ इमारतीत नव्हते, द्रव्यातही नव्हते; ते एकमेकांच्या पंगतीत होते. ख्रिस्ती होऊनही जात मागे राहत नसेल, तर पौलाचा तो दोष आजही लागू पडतो. आणि आपण हिंदू कुटुंबांनी तरी अलिप्त का राहावे? देवघरात समोर दिवा तेवत असता आपल्या पंगतीतून आजवर कोण उठले, कोणास उठविले गेले, हा विचार आपल्यालाही चुकलेला नाही. टिळकांनी तो प्रश्न ज्या नव्या घरात प्रवेश केला त्या घरासही विचारला, यातच त्यांची थोरवी आहे.